पहिलीचा वर्ग पदरात पडला तर: खेळ मांडायचा कसा

नव्या शिक्षकाला पहिलीचा वर्ग देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आदेश हातात घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत हजर व्हावं, मुख्याध्यापकांनी चहा पाजावा आणि कप खाली ठेवता ठेवता सांगावं, "तुम्ही पहिली घ्या." मोठे वर्ग जुन्या माणसांनी आधीच धरून ठेवलेले असतात. मलाही पहिली अशीच मिळाली. डी.एड.चे पाठ घेतले होते चौथीवर. इथे समोर बस्करपट्ट्यांवर एकोणीस मुलं, त्यातली चार रडत होती आणि एक पायात चप्पल घालून दारात घरी जायला तयार.

अशा अवस्थेत सापडलेल्यांसाठी हे लिहिते आहे. माझी शाळा बीड जिल्ह्यातली, दोन शिक्षकांची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची. तुमची शाळा शहरातली असेल तर साहित्य आणि मुलांची बोली बदलेल. बाकी फारसं काही बदलत नाही.

'खेळातून शिक्षण' म्हटलं की बहुतेकांना मैदान, शिट्टी आणि स्पीकरवरची गाणी आठवतात. मी ज्या खेळाबद्दल बोलते आहे तो बराचसा जमिनीवर बसून, आपसात कुजबुजत चालतो. त्यात शिक्षकाची कामं दोनच. आधी खेळ नीट मांडून ठेवायचा आणि मग तोंड बंद ठेवून बघायचं. पहिलं काम आठवड्याभरात जमतं. दुसरं शिकायला मला तीन वर्षं लागली.

कागदोपत्री आधार लागलाच तर तो भक्कम आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 हा वयोगट एकच पायाभूत स्तर मानला, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकाच साखळीत आली. ऑक्टोबर 2022 मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही खेळच मध्यभागी आहे. पहिलीच्या सुरुवातीचे 12 आठवडे खेळातून शाळेची तयारी करून घ्यावी यासाठी 'विद्या प्रवेश' हा कार्यक्रम आहे. तेव्हा जून-जुलैत "अजून एकही अक्षर गिरवलं नाही?" असं कुणी विचारलं तर बावचळू नका.

जूनच्या आधी: अंगणवाडीत दोन सकाळी

शाळा उघडायच्या आधी गावातल्या अंगणवाडीत जाऊन या. अंगणवाडीच्या ताईंना मुलांबद्दल जे माहीत असतं ते दाखलखारीज रजिस्टरात कधीच सापडत नाही. कोणतं मूल कुणाच्या शेजारी बसलं की बोलतं, कोण लघवीला सांगायला लाजतं, कुणाच्या घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, कुणाला आजीच सांभाळते, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या. पहिल्या दिवशी मुलाला त्याच्या घरच्या हाकेच्या नावाने बोलावलंत की निम्मं काम झालं.

2022 पासून शाळापूर्व तयारीचे 'पहिले पाऊल' मेळावे होतात. त्यात फॉर्म भरायची घाई दुसऱ्या कुणावर तरी सोपवा. तुम्ही मुलांच्या हातांकडे बघा. कोण दोरीत मणी ओवतं, कोण उडी मारताना दोन्ही पाय एकदम उचलतं, कोण चित्रातली गाय दाखवून तिची गोष्ट सांगतं. पुढच्या तीन महिन्यांची आखणी तिथेच हाती लागते.

खोली

बहुतेक वर्गखोल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर सजवलेल्या असतात. तक्ते साडेपाच फुटांवर आणि मुलं साडेतीन फुटांची. जे मुलांसाठी आहे ते सगळं खाली आणा. तळफळा नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढा. खालची भिंत काळी रंगवायला एक डबा रंग आणि एक रविवार पुरतो. पहिलीच्या वर्गात तळफळ्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही. मुलं उभी राहून खांद्यापासून हात फिरवत रेघा मारतात. पुढे पेन्सिल धरायला लागणारी ताकद तिथूनच येते.

खोलीचे चार कोपरे करा. एक भातुकलीचा, एक रचायच्या वस्तूंचा, एक पुस्तकांचा आणि एक माती-पाण्याचा (हा व्हरांड्यात, नाहीतर पोषण आहाराची ताटं धुणाऱ्या मावशी तुमच्यावर उखडतील). एका कोपऱ्यात एका वेळी पाच मुलं, त्याहून जास्त नकोत. हे सांगून पटत नाही, म्हणून प्रत्येक कोपऱ्याशी पाच खिळे मारा आणि मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्यांना दोरा लावा. खिळा रिकामा असेल तर आपली चिठ्ठी अडकवायची आणि आत जायचं. भांडणं एकदम कमी झाली आणि मोजणी फुकटात झाली.

साहित्य: विकत घ्यायच्या आधी गोळा करा

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने ते काम आदिवासी पाड्यांवर नेलं. तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पानं, माती यांतून त्यांनी साहित्य उभं केलं. मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही तिथलीच. इतक्या वर्षांनी आपण प्लॅस्टिकच्या फळांचा संच मागवतो तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं होतं.

माझ्या वर्गात सध्या आहे ते असं: चिंचोके, बाटल्यांची झाकणं, कडब्याच्या धाटाच्या वीतभर कांड्या, सुताराकडून आणलेले लाकडाचे तुकडे (पॉलिश पेपरने घासून), फाटक्या साड्यांचे पट्टे, एक बिघडलेला मोबाइल, तराजू, एका मोठ्या ताटात चाळलेली बारीक वाळू आणि चिकणमातीचा ओल्या गोणपाटात गुंडाळलेला गोळा. मागायची पद्धत सोपी आहे. पालकांच्या ग्रुपवर एका वेळी एकच वस्तू मागायची. "झाकणं पाठवा" म्हटलं की पोतंभर येतात. "टाकाऊ साहित्य पाठवा" म्हटलं की काहीच येत नाही.

आता माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मोजायला मी हरभरे दिले होते. एका मुलीने एक दाणा नाकात घातला आणि मला घाबरून सांगितलंच नाही. नाकात तो फुगला. दुपारी ती रडायला लागली तेव्हा मोटारसायकलवर मध्ये बसवून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी दाणा काढला. तिची आई मला काहीच बोलली नाही, हे जास्त लागलं. तेव्हापासून भिजून फुगणारं काहीही मी मोजायला देत नाही. बारीक वस्तू देताना मोजून देते आणि परत घेताना मोजून घेते. घेण्या-देण्याची ती मोजणी मुलंच करतात. आणि नाकात काही गेलंच तर पिन, काडी घालून काढायला जाऊ नका. तडक दवाखाना गाठा.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत एकच ध्येय ठेवा: मूल उद्या परत आलं पाहिजे. रडणाऱ्या मुलाला "रडू नको" म्हणून उपयोग नसतो. त्याच्या हाती काम द्या. माझ्याकडे रडणाऱ्यांसाठी पाण्याची बादली आणि दोन पेले ठेवलेले असतात. या पेल्यातून त्या पेल्यात पाणी ओतत मूल हळूहळू हुंदके विसरतं. कुणाची आजी तासभर मागे बसली तर बसू द्या. तिलाच एखादी गोष्ट सांगायला लावा. आजी गोष्ट सांगू लागली की बाकीचीही सरकत सरकत तिच्याभोवती येतात.

दिवस कसा लावायचा

घड्याळाचं वेळापत्रक ऑफिसच्या भिंतीवर असू द्या. मुलांना क्रम हवा असतो. आमचा क्रम साधारण असा चालतो: आल्यावर हजेरीचा खेळ, मग सगळ्यांनी गोल बसून गप्पा, मग तासभर कोपरे, मग आवराआवर. त्यानंतर बाहेरचा खेळ, खिचडी, गोष्ट, आणि शेवटी लहान गटात पंधरा-वीस मिनिटं मी मुद्दाम शिकवते ते भाषेचं किंवा गणिताचं काम. बाहेरच्या खेळाला शिवणापाणी, लंगडी, मामाचं पत्र हरवलं, डोंगराला आग लागली, एवढं वर्षभर पुरतं. नव्या खेळांच्या मागे धावू नका, मुलांना तोच तो खेळ पुन्हा हवा असतो.

कोपऱ्यांना सलग वेळ द्या. वीस मिनिटांत खेळ रंगत नाही. पहिली दहा मिनिटं तर "मी आई, तू बाळ" ठरवण्यात आणि त्यावर रुसण्यात जातात. आवराआवर वगळू नका. झाकणं झाकणांच्या डब्यात, कांड्या कांड्यांच्या डब्यात, हे वर्गीकरण रोज होतं आणि त्यासाठी वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

दुसरीची मुलं त्याच खोलीत असतील तर वाईट वाटून घेऊ नका. भातुकलीत दुसरीचा मुलगा दुकानदार झाला की तो पहिलीच्या गिऱ्हाईकाला हिशेब जसा समजावतो तसा मला जमत नाही.

भाषा: सुरुवात नावांपासून

हजेरीचा खेळ म्हणजे असा: दाराशी एक दोरी, शेजारी नावांच्या चिठ्ठ्यांचा डबा. आलेल्या मुलाने आपली चिठ्ठी शोधून दोरीला चिमट्याने लावायची. सुरुवातीला चिठ्ठीवर नावाशेजारी एक चित्र असतं, महिन्याने ते कापून टाकायचं.

एका वर्षी वर्गात स्वरा होती आणि स्वराजही होता. चित्रं कापल्यावर तिसऱ्या दिवशी स्वराने त्याची चिठ्ठी लावली आणि तो चिडला. मी उठणार होते, पण बसून राहिले. दोघांनी दोन्ही चिठ्ठ्या जमिनीवर एकाखाली एक ठेवल्या. स्वराज म्हणाला, "माझी लांब हाय." मग त्याने बोट ठेवत ठेवत शेवटच्या अक्षरावर आणलं आणि म्हणाला, "हे तुझ्यात न्हाई. हे माझंय." त्या दिवशी 'ज' हे त्याच्या मालकीचं अक्षर झालं. दुपारी खिचडीच्या पोत्यावर, फळ्यावरच्या तारखेत, जिथे तिथे तो 'ज' शोधत फिरला. जुलै महिना होता, त्यामुळे 'जुलै'मध्येही तो सापडला, फक्त खाली शेपूट लागलेला.

मुळाक्षरं 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमाने गिरवून घेण्याचा आग्रह पालक धरतील. आपल्या जुन्या गुरुजींनीही आकारांच्या सारखेपणावरून 'गमभन' लावलं होतंच, क्रम काही देवाने दिलेला नाही. आधी कानाचे खेळ घ्या: भाकरी शब्दाला किती टाळ्या, 'का'ने सुरू होणाऱ्या वस्तू कोण सांगतो, कुणाच्या नावाचा शेवट सारखा. मग वाळूच्या ताटात बोटाने अक्षर काढा. वाळूत चुकलेलं अक्षर हात फिरवला की नाहीसं होतं, म्हणून बुजरी मुलंही तिथे हात घालतात.

मुलाच्या घरची बोली खेळात मोकळी राहू द्या. भातुकलीत गोरमाटीत बोलणाऱ्या मुलीला प्रमाण मराठी शिकवायला तुमच्याकडे पुढची अनेक वर्षं आहेत.

गणित: मोळी

आता ज्यासाठी मी तोंड बंद ठेवायला शिकले तो प्रसंग.

भातुकलीच्या कोपऱ्यात एकदा पाच जणांनी ऊसतोडीची टोळी केली होती. एक मुकादम, बाकी कोयते, म्हणजे ऊस तोडणारे. मुकादमाने पिंपळाची पानं मोजून दिली, "ही घे पन्नास हजार उचल." (उचल म्हणजे तोडीआधी मिळणारे आगाऊ पैसे.) घेणाऱ्याने पानं शर्टाच्या खिशात घातली आणि बायको झालेल्या मुलीला म्हणाला, "चल, ट्रॅक्टर आला." मला वाटलं, संधी चालून आली. मी मध्ये जाऊन विचारलं, "पन्नास हजारात शून्य किती?" पाचही जण माझ्याकडे बघत राहिले. पानं खाली पडली आणि खेळ संपला तो संपलाच. पुढचे चार दिवस त्या कोपऱ्यात कुणी ट्रॅक्टर आणला नाही.

पुढच्या वेळी मी काहीच विचारलं नाही. धाटाच्या कांड्या आणि सुतळीचे तुकडे फक्त कोपऱ्यात नेऊन ठेवले. मुलांनी मोळ्या बांधायला घेतल्या. एका मुलीने माझी गाठ बघून सांगितलं, "मॅडम, मोळी अशी न्हाई बांधत," आणि सुतळीला वाढ्यासारखा (उसाच्या शेंड्याच्या पाल्यासारखा) पीळ देऊन दाखवला. प्रत्येकाची मोळी वेगळ्या आकाराची झाली. मग मुकादमाचं भांडण सुरू झालं: "तुझी बारकी, तुला कमी पैशे." दहा कांड्यांची एक मोळी हा नियम त्यांनी त्या भांडणातून स्वतःच केला. मला फक्त तो नियम फळ्यावर लिहायचा होता.

तिथून दशक सोपं झालं. दोन मोळ्या आणि सुट्ट्या पाच कांड्या, म्हणजे पंचवीस. मराठीत इथेच मेख आहे. आपण बोलताना 'पंच' आधी म्हणतो आणि लिहिताना 2 आधी. म्हणून मुलं 52 लिहितात, त्यात त्यांची चूक नाही. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर केवढी टिंगल झाली होती. वर्गात बसलेल्या कुणालाही त्यामागची अडचण ठाऊक होती. मी दोन्ही म्हणून घेते. मोळ्यांकडे बोट करून 'वीस', सुट्ट्यांकडे करून 'पाच', मग सगळे मिळून 'पंचवीस'. एकोणतीस, एकोणचाळीसला घाई करू नका. तीन मोळ्या बांधायला एक कांडी कमी पडली म्हणजे एकोणतीस, हे हातात आल्यावरच तो शब्द तोंडात बसतो.

घरी खेळायला चल्लस आठचं सोपं रूप द्या. दोन चिंचोके मधोमध फोडले की चार फाका होतात, एका बाजूने पांढऱ्या, एका बाजूने तपकिरी. टाकल्यावर जितक्या पांढऱ्या वर, तितकी घरं पुढे. सगळ्या तपकिरी पडल्या तर आठ. खडूने वीस घरांची एक सरळ पट्टी आखली की पट तयार. मुलं पहिल्या दोन दिवसांत एक-एक मोजतात. आठवड्याने तीन पांढऱ्या बघितल्या की न मोजताच सोंगटी उचलतात. तो क्षण वहीत टिपून ठेवा.

वही

शंभर पानी वही, प्रत्येक मुलाला चार पानं. रोज तीनच मुलांबद्दल लिहायचं, दोन-दोन ओळी. 'हुशार आहे', 'चंचल आहे' असलं काही नको, त्याचा तुम्हालाही उपयोग नाही. मी लिहिते ते असं: "सहा तुकडे रचले, पडले. दुसऱ्यांदा रुंद तुकडा खाली घेतला." किंवा "आज पहिल्यांदा गोलात बोलली. शेळीला पिल्लू झालं." आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी लिहायची वेळ येते तेव्हा बाकीचे नेटवरच्या याद्या उतरवत बसतात, तुम्हाला तशी गरज पडत नाही.

पालक आणि केंद्रप्रमुख

"पोरगं नुसतं खेळतंय, वही कोरी हाय" हे ऐकावं लागणारच. व्याख्यान देऊ नका. पालकांना एका शनिवारी बोलवा, जमिनीवर बसवा आणि त्यांच्याच मुलासोबत चल्लस आठ खेळायला लावा. मुलाने बापाला हरवलं की तक्रार मिटते. ज्यांना गृहपाठ हवाच असतो त्यांना सांगा: लसूण सोलायला द्या, भाकऱ्या मोजून दुरडीत ठेवायला सांगा, रात्री एक गोष्ट ऐकवा.

केंद्रप्रमुखांसाठी (आसपासच्या शाळा तपासणाऱ्या साहेबांसाठी) वेगळी तयारी एवढीच: प्रत्येक कोपऱ्याशेजारी एका कार्डावर तिथे कोणती अध्ययन निष्पत्ती साधते, म्हणजे मुलाला काय येऊ लागतं, ते लिहून लावा आणि टाचणात (रोजच्या पाठाच्या नोंदीत) कोपऱ्यांचा तास 'खेळ' एवढ्या एका शब्दात उरकू नका. 'कांड्यांच्या मोळ्या: दहाचे गट करणे, कमी-जास्त सांगणे' असं लिहा. भेटीला आलेल्या साहेबांना कोपऱ्यात बसवून मुलांनी चहा दिला की शेराही बरा येतो. हे अर्धं गमतीने सांगते आहे, अर्धं नाही.

दसरा झाला की

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला वर्ग निम्मा होतो. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात, काही आईबापांबरोबर कारखान्यावर, कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) जातात. जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी आधीच एक कापडी पिशवी शिवून ठेवा. तिच्यात पंचवीस चिंचोके, चार फाका, एक खडू, त्याच्या नावाची चिठ्ठी आणि दोन पातळ पुस्तकं. पालकांचा नंबर वहीत लिहून घ्या आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळी माणसं फडातून कोपीवर परतल्यावर, फोन करून मुलाशीच बोला. "कोण जिंकलं?" एवढं विचारलं तरी पाच मिनिटं जातात.

मार्च-एप्रिलमध्ये मुलं परत येतात तेव्हा पिशवीत चिंचोके क्वचितच पुरे असतात. त्यांच्या जागी खापरीचे तुकडे, उसाच्या पेराच्या वाळलेल्या चकत्या, कुठल्यातरी नळाची रबरी वायसर असलं काहीबाही निघतं. ते फेकू नका. मुलाकडून मोजून घ्या आणि वर्गाच्या डब्यात टाका.